धमनी : नाव वाऱ्याचं, काम रक्ताचं

उपयोजित गणितात एक प्रश्न गेली अनेक दशकं संशोधकांना खिळवून ठेवतो आहे. धमनी आतून अरुंद झाली आहे, तिची भिंत ताणली जाते आणि परत आकसते, आणि बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं आहे. अशा वेळी रक्त कसं वाहील? या प्रश्नातले शब्द एकेक करून उलगडले, तर त्यांची मुळं फार दूरवर गेलेली दिसतात.

‘धमनी’ संस्कृत ‘ध्मा’ धातूपासून आली. ध्मा म्हणजे फुंकणं. पोटात वारा धरला की वैद्य ‘आध्मान’ म्हणतात, ते याच कुळातलं. धमनीचा आधीचा अर्थ फुंकणं, मग फुंकायची नळी, मग शरीरातली नळी. चरकसंहितेनंही धमनीचं नाव ध्मानावरूनच लावलं आहे, सिरेचं (शिरेचं) सरणावरून, म्हणजे वाहण्यावरून.

ग्रीकांचं नवल असं की त्यांचा ‘आर्टेरिया’ हाही मुळात श्वासनळीचा शब्द. मेलेल्या प्राण्याच्या धमन्या रिकाम्या दिसत, कारण रक्त शिरांमध्ये साचलेलं असे. त्यावरून एरासिस्ट्रॅटससारखा थोर शरीरविद त्यांत हवा खेळते असं मानत होता. दुसऱ्या शतकात गॅलेननं जिवंत प्राण्याची धमनी दोन ठिकाणी बांधून मध्ये चिरली, तर आत रक्तच निघालं. समजूत गेली, नाव राहिलं.

वारा तरीही सुटला नाही. १८९९ साली ओटो फ्रांक या जर्मन शरीरक्रियाविदानं धमन्यांच्या लवचीकतेचं गणित मांडलं, ते ‘विंडकेसल’ या नावानं ओळखलं जातं. विंडकेसल म्हणजे हवेची टाकी. जुन्या आगीच्या बंबात ती पंपाचे झटके शोषून पाण्याची धार सलग ठेवी. महाधमनी तेच करते. ठोक्यासरशी फुगते, दोन ठोक्यांच्या मध्ये आकसून रक्त पुढे रेटते. मला यात भाताच दिसतो, आणि ‘ध्मा’ धातू इथे अगदी चपखल बसतो.

अरुंदपणाला डॉक्टर ‘स्टेनोसिस’ म्हणतात. ग्रीक ‘स्टेनोस’ म्हणजे अरुंद. कोर्टातल्या स्टेनोची आखूड लिपीही त्यातूनच आली. पण धमनी उघडी ठेवणारा ‘स्टेंट’ त्या घरचा नाही. तो चार्ल्स स्टेंट या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज दंतवैद्याच्या आडनावावरून आला. अरुंदपणा किती महागात पडतो, ते प्वाझय या फ्रेंच वैद्यानं दाखवलं. सरळ नळीतल्या संथ प्रवाहात त्रिज्या निम्मी झाली की त्याच दाबाखाली प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो.

आता चुंबक. ‘लोह’ पूर्वी तांबूस धातूला, तांब्याला म्हणत. लोखंडाकडे ते नंतर गेलं. ‘लोहित’ म्हणजे लाल आणि रक्तही. हिंदीतला ‘लहू’ त्याचाच. ‘रुधिर’ही त्याच तांबड्या मुळाचं. रक्तात लोह असतं हे कळण्याच्या कितीतरी आधी भाषेनं रंगावरून दोघांना एका घरात बसवलं होतं. मात्र त्या लोहामुळे चुंबक रक्ताला खेचून घेईल, हा समज खरा नाही. पाउलिंग आणि कोरियेल यांनी १९३६ साली दाखवलं की ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूर सारलं जातं आणि ऑक्सिजन सोडलेलं किंचित ओढलं जातं. गणितात मोठा भाग वेगळ्याच गोष्टीचा असतो. रक्तातल्या क्षारांमुळे ते वीजवाहक असतं. रक्त चुंबकीय क्षेत्राला आडवं छेदत वाहू लागलं की त्यात वीज निर्माण होते आणि तिच्यामुळे प्रवाहाला लगाम बसतो. एमआरआयच्या यंत्रात हा लगाम अगदी नाममात्र असतो, पण त्या विजेमुळे आत झोपलेल्या रुग्णाच्या ईसीजीची रेघ बदललेली दिसते.

राहिला प्रश्न मराठीचा. मराठी विश्वकोशानं आर्टरीला ‘रोहिणी’ आणि व्हेनला ‘नीला’ म्हटलं. रोहिणी म्हणजे तांबडी, ‘लोहित’चीच बहीण. शब्द देखणा आहे, पण फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी काळपट रक्त नेते आणि तिथून परतणारी नीला लालभडक रक्त आणते, तेव्हा रंगावर बेतलेलं नाव खोटं पडतं. धमनीचं नाव फुंकण्यावर, रेटण्यावर बेतलं आहे, आणि रक्त कोणत्याही रंगाचं असो, हृदयातून निघालेली प्रत्येक धमनी ते काम करते. पाठ्यपुस्तकांत आणि दवाखान्याच्या कागदांवर ‘धमनी’ हाच शब्द ठेवावा.