चाकांवरचा संसार

मोटारीच्या पाठीवर घर थाटून रानोमाळ मुक्काम करण्याची हौस आज अमेरिकेत मोठी आहे, आणि त्या हौसेबरोबर घरगुती युक्त्यांचे एक शास्त्रच तेथे तयार झाले आहे. परंतु या शास्त्राचा उगम हौसेत नाही; तो निकडीत आहे. इ. स. १८४० नंतरच्या तीस वर्षांत मिसूरी नदीच्या काठावरून ऑरेगॉन, कॅलिफोर्निया व यूटा या प्रदेशांकडे तीन लाखांहून अधिक माणसे आपला संसार गाडीत घालून निघाली. ऑरेगॉनची वाट सुमारे २००० मैलांची, प्रवास चार ते सहा महिन्यांचा, आणि मध्ये बाजार म्हणावा तर चार-दोन ठाणी. ही वाट ज्या भूमीवरून गेली ती निर्मनुष्य नव्हती. तेथील मूळ रहिवाशांच्या कुरणांची व शिकारीची या रहदारीने जी धूळधाण झाली, ती हकीकत स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे.

गाडी दिसावयास ऐटदार, पण आतून जेमतेम १० फूट लांब व ४ फूट रुंद असे. वर लाकडी कमानी, आणि त्यांवर जवसाच्या तेलात भिजवून पाणी न झिरपेसे केलेले जाड कापड. बैलांच्या दोन-तीन जोड्या ती ओढीत. बैलांना ओझे होऊ नये म्हणून धडधाकट माणसे, बायका-मुलांसुद्धा, बहुधा पायीच चालत. त्या इवल्याशा जागेत पाच-सहा महिन्यांचे अन्न भरणे हीच पहिली परीक्षा होती.

रँडॉल्फ मार्सी या सेनेतील कप्तानाने १८५९ साली 'द प्रेअरी ट्रॅव्हलर' नावाचे पुस्तक लिहिले. मोठ्या माणसाला ११० दिवसांसाठी १५० पौंड पीठ, २५ पौंड खारवलेले मांस, १५ पौंड कॉफी व २५ पौंड साखर असा हिशेब त्याने मांडला आहे. उष्ण प्रदेशात मांसाची चरबी वितळू नये म्हणून ते कोंड्यात पुरून न्यावे, असे तो सांगतो. लोणी टिकविण्याची त्याची रीत अशी की, ते कढवावे, वर आलेला फेस काढून टाकावा आणि स्वच्छ झालेला स्निग्धांश पत्र्याच्या डब्यात झाळून बंद करावा. म्हणजे आपले तूपच की! मराठी गृहिणीला त्यासाठी कप्तानाची गरज पडली नसती. बायकांच्या युक्त्या याहूनही चतुर होत्या. अंडी त्या मक्याच्या पिठात खोचून ठेवीत. पीठ संपत जाई तसतशी अंडी हाती येत. सकाळचे दूध झाकणाच्या भांड्यात घालून गाडीला टांगले की दिवसभराच्या हिसक्यांनी सायंकाळपर्यंत लोण्याचा गोळा तयार होई. रवी नको की घुसळण नको.

सपाट गवताळ मुलखात झाड दिसेना, तेव्हा सरपण आणावे कोठून? रानगव्यांचे वाळलेले शेण गोळा करणे हा एकच मार्ग होता. पुष्कळ बायकांनी आरंभी नाके मुरडली. पण काही दिवसांतच त्याच पदराऐवजी वापरावयाच्या वस्त्रात गोवऱ्या भरून आणू लागल्या. वारा फार असे, म्हणून जमिनीत अरुंद चर खणून त्यात जाळ करीत.

पाण्याचा प्रश्न मात्र जिवावरचा होता. प्लॅट नदीचे पाणी गढूळ असे. ते निवळण्यासाठी काडीच्या चिरीत तुरटी धरून ढवळावी, कोळशाची भुकटी किंवा निवडुंगाचे पान घालावे, असे उपाय मार्सीने दिले आहेत. परंतु निवळलेले पाणी निर्दोष असतेच असे नाही. १८४९ पासून पुढील काही वर्षे या वाटेवर पटकीने कहर केला. पटकी पाण्यातून पसरते हे जॉन स्नो याने लंडनमध्ये १८५४ साली दाखविले, व तेही लगेच सर्वमान्य झाले नाही. पाण्याचा वाईट वास मारावा म्हणून जे कॉफी उकळून पीत, त्यांचे रक्षण त्यांना नकळत ती उकळी करीत होती.

कोरड्या हवेत चाकांचे लाकूड आटे आणि लोखंडी धावा सुटत. मग मुक्कामी चाके काढून रात्रभर नदीत बुडवीत, नाहीतर धावेखाली लाकडी पाचरी ठोकीत. वंगणाची बादली आसाखाली टांगलेली असे. तीत डांबर व चरबी. याच चाकाने एक नामी काम केले. १८४७ साली मॉर्मन पंथीयांच्या तांड्यात विल्यम क्लेटन नावाचा लेखनिक होता. दिवसभरात किती मैल झाले यावरून सोबत्यांशी त्याचे जमेना. तेव्हा त्याने चाकाचा परीघ मोजला. तो १४ फूट ८ इंच भरला, म्हणजे ३६० फेऱ्यांचा बरोबर एक मैल. ८ मे रोजी गाडीशेजारी चालत त्याने ४०७० फेऱ्या मोजल्या! ही शिक्षा रोज कोण भोगणार? चारच-आठ दिवसांत ऑर्सन प्रॅटच्या आराखड्यावरून ॲपलटन हार्मन या सुताराने लाकडी दात्यांचे मोजयंत्र करून चाकाला जोडले. त्या मापांवर आधारलेली क्लेटनची मार्गदर्शिका १८४८ मध्ये छापली गेली व मागाहून येणाऱ्या हजारोंना उपयोगी पडली.

आजच्या फिरत्या घराची खरी पूर्वज म्हणावी अशी गाडी १८४६ साली इलिनॉयमधून निघाली. जेम्स रीड याने आजारी सासूला सुख व्हावे म्हणून ती मुद्दाम बांधविली होती. बाजूने प्रवेश, स्प्रिंगची आसने, वर निजण्याची सोय, आत लोखंडी शेगडी आणि छतातून बाहेर काढलेले तिचे धुराडे. सासूबाई मे महिन्यातच कॅन्ससच्या मुलखात वारल्या. गाडी पुढे गेली. रीड आणि डॉनर कुटुंबांच्या तांड्याने न पारखलेली जवळची वाट धरली, तीत आठवडेच्या आठवडे गेले. क्षारवाळवंटात रीडचे बहुतेक बैल हरवले आणि ती गाडी वाटेत सोडावी लागली. सिएरा नेव्हाडाच्या घाटात बर्फाने तांड्याला गाठले. ८७ माणसांपैकी जवळजवळ निम्मी दगावली.

तीन वर्षांनी, १८४९ च्या सोन्याच्या धावपळीत, फोर्ट लॅरमीच्या आसपास लोखंडी चुली, पेट्या, हत्यारे आणि खारवलेल्या मांसाचे ढीग टाकून दिलेले दिसत. बैल थकू लागले की प्रथम हेच खाली उतरे. मागून येणारे त्यांतले हवे ते उचलीत, आणि सोडलेल्या गाड्यांच्या फळ्या फोडून रात्रीचा स्वयंपाक करीत.