वाचलेल्या माणसाची विचारपूस

एखादा माणूस दुःखाच्या भरात स्वतःच्या जिवावर उठतो आणि सुदैवानं वाचतो. शुद्धीवर आल्यावर त्याच्या उशाशी कोणी बसलेलं असावं? वैद्य, घरचं माणूस, की पोलीस?

आपल्या देशात या प्रश्नाचं उत्तर फार वर्षं कायद्यानंच देऊन ठेवलं होतं. १८६० साली इंग्रज सरकारनं भारतीय दंडसंहिता केली. तिच्या ३०९व्या कलमानं आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरला आणि त्याला एक वर्षापर्यंत साधी कैद सांगितली गेली. म्हणजे जो वाचला, तोच आरोपी झाला! घरची मंडळी भीतीनं आणि लाजेनं खरी हकिगत लपवीत. जखम बरी होई. मनातलं दुखणं तसंच राही. खुद्द इंग्लंडनं १९६१ साली हा गुन्हा रद्द केला. आपल्याकडे मात्र तो कायम राहिला.

या कलमाला मोठा हादरा बसला तो आपल्या मुंबईतच. मनानं आजारी असलेल्या एका पोलीस शिपायावर हा खटला भरला गेला होता. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या पीठानं ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. अशा माणसाला तुरुंगाची नव्हे, उपचाराची गरज आहे, हा त्यातला गाभा. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानंही कलम रद्दबातल ठरवलं. पण १९९६ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठानं ते पुन्हा वैध मानलं.

अखेर २०१७चा मानसिक आरोग्य कायदा आला. तो २०१८ साली अमलात आला. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता, असं धरून चालावं; त्याच्या शुश्रूषेची, उपचाराची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारची, असं त्याचं ११५वं कलम सांगतं. १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता लागू झाली आणि जुनं कलम गेलं. सरकारी नोकरावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला.

उशाजवळचा पोलीस उठला, हे बरंच झालं. पण त्या रिकाम्या जागी बसायचं कोणी?

जागतिक आरोग्य संघटनेनं हे पाच देशांत पडताळून पाहिलं. त्यांत आपलं चेन्नई होतं. प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ जणांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाशी, त्याखेरीज, तासभर शांतपणे बोलणं झालं. मग दीड वर्षात नऊ वेळा, फोनवर वा घरी जाऊन, चौकशी केली. २००८ साली निष्कर्ष छापून आले. पहिल्या गटात शेकडा २.२ जण आत्महत्येनं गेले होते; दुसऱ्यात शेकडा ०.२. महागडं यंत्र नाही की दुर्मीळ औषध नाही. पुन्हा पुन्हा केलेली विचारपूस!

हे काम आपल्या गावातही सुरू करता येईल. इस्पितळातून परतलेल्या माणसाला 'असं का केलंस?' म्हणून टोचू नका. 'आता कसं वाटतं?' एवढं विचारा, आणि आठ दिवसांनी पुन्हा विचारा. मनात पुन्हा तसा विचार येतो का, हेही सरळ विचारावं; विचारल्यानं तो विचार रुजत नाही, उलट मन मोकळं होतं. घरातलं फवारणीचं औषध त्याच्या हाती लागणार नाही असं ठेवा, त्याला डॉक्टरांकडे सोबत न्या. २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य चालते. शिक्षकबंधूंनी तो शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवावा.

कायद्याला आपली चूक सुधारायला दीडशेहून अधिक वर्षं लागली. शेजाऱ्याच्या ओसरीपर्यंत जायला आपल्याला किती वेळ लागतो?