चाकांवरचे बिऱ्हाड आणि वादळांचा पर्वत

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपल्याकडे बहुधा उपहासानेच योजिली जाते. ज्याला घर नाही, दार नाही, आज येथे तर उद्या तेथे, अशा माणसास उद्देशून ती बोलली जाते. परंतु गिर्यारोहणाच्या इतिहासात हे पाठीवरचे बिऱ्हाड मोठ्या कामास आले आहे. मोटारीच्या मागील भागात अंथरूण, स्टोव्ह, शिधा आणि दोर भरावयाचे, डोंगराच्या पायथ्याशी जाऊन राहावयाचे आणि आकाश निवळले की कड्यास भिडावयाचे, ही रीत विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अमेरिकेत चांगलीच रुजली. कोणी मालमोटारीच्या हौद्यावर निजण्याची खोली बसवून घेतली, कोणी बंद व्हॅनमध्ये फळ्यांची शय्या केली. साधने निरनिराळी, पण तत्त्व एकच. ते तत्त्व कोणते, आणि त्याची मर्यादा कोठे, हे १९६८ सालच्या एका प्रवासावरून उत्तम रीतीने ध्यानात येते.

ह्या कथेतील पर्वत दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडे, अर्जेंटिना आणि चिली ह्यांच्या सरहद्दीवर, पॅटागोनिया नामक प्रदेशात उभा आहे. त्याचे नाव फिट्झरॉय आणि उंची सुमारे ३,४०० मीटर. हिमालयाची शिखरे ज्यांस ठाऊक आहेत त्यांस ही उंची क्षुल्लक वाटेल. परंतु पर्वताचा कठीणपणा केवळ उंचीने मोजता येत नाही. फिट्झरॉय हा ग्रॅनाइटचा प्रचंड सुळका आहे. त्याचे कडे सरळ उभे, आणि त्यांच्या भेगांतून बर्फ गोठलेले. पश्चिमेस विस्तीर्ण हिमप्रदेश व त्यापलीकडे पॅसिफिक महासागर. तिकडून उठलेला वारा ह्या कड्यांवर येऊन आदळतो, आणि वादळ सुरू झाले म्हणजे दिवसांमागून दिवस शिखराचे दर्शन होत नाही. मूळचे तेहुएल्चे लोक ह्या पर्वतास चाल्तेन म्हणत. धूर सोडणारा पर्वत, असा त्याचा अर्थ सांगतात. १८७७ साली फ्रान्सिस्को मोरेनो ह्या अर्जेंटिनी संशोधकाने त्यास रॉबर्ट फिट्झरॉय ह्याचे नाव दिले. डार्विनला घेऊन जगप्रवास करणाऱ्या 'बीगल' जहाजाचा कप्तान तो हाच.

ह्या शिखरावर पहिले पाऊल पडले ते १९५२ च्या फेब्रुवारीत. लिओनेल तेरे आणि गिदो मान्योन हे ते दोन फ्रेंच वीर. त्यांची मोहीम जुन्या पद्धतीची होती. मोठे पथक, विपुल सामग्री आणि सोबतीस अर्जेंटिनाच्या लष्करातील एक अधिकारी, असा तिचा थाट होता. तरीही पर्वताने आपली किंमत वसूल केलीच. झाक प्वँसनो हा त्यांचा सहकारी पायथ्याकडे जातानाच नदी ओलांडताना बुडून मरण पावला. पुढे १९६५ साली कार्लोस कोमेसान्या आणि होसे लुईस फोनरूज ह्या दोघा अर्जेंटिनी तरुणांनी दुसऱ्या वाटेने शिखर गाठले. तिसऱ्या खेपेस जे आले, ते मात्र एका मोटारीत संसार थाटून आले.

त्यांपैकी इव्हॉन शुइनार्ड हा धंद्याने लोहार. १९५७ साली त्याने मोडीच्या बाजारातून कोळशाची एक जुनी भट्टी आणली, ऐरण आणि हातोडे मिळविले आणि कड्यात ठोकण्याच्या पोलादी मेखा घडविण्याची कला स्वतःच शिकून घेतली. दुकानाचे भाडे देण्याची ऐपत नव्हती. तेव्हा मोटार हेच त्याचे दुकान झाले. हत्यारे गाडीत टाकून तो किनाऱ्या-किनाऱ्याने हिंडे, वाळूत ऐरण मांडून मेखा घडवी आणि गाडीच्या पाठीमागूनच त्या विकी. मिळकत इतकी तुटपुंजी की, एका उन्हाळ्यात डोंगरात जाताना त्याने व त्याच्या मित्राने मांजरांच्या खाद्याचे पोचे पडलेले डबे स्वस्तात विकत घेऊन त्यांवर गुजराण केली! ह्या हालअपेष्टांतून एक गोष्ट मात्र तो शिकला. ज्याच्या गरजा एका गाडीत मावतात, त्याचा वेळ त्याच्या स्वतःच्या मालकीचा असतो.

१९६८ साली डग्लस टॉम्पकिन्स ह्या मित्राने त्याच्यापुढे फिट्झरॉयचा बेत मांडला. टॉम्पकिन्सने सॅन फ्रान्सिस्कोत गिर्यारोहणाच्या सामानाचा व्यापार काढलेला होता. तिसरा डिक डॉरवर्थ. बर्फावरून घसरत जाण्याच्या शर्यतीत १९६३ साली त्याने ताशी सुमारे १७१ किलोमीटर वेगाचा जागतिक विक्रम केला होता. चौथा लिटो तेहादा-फ्लोरेस. त्याच्याकडे चित्रपटाचा कॅमेरा सोपविला होता. ख्रिस जोन्स हा इंग्रज गिर्यारोहक त्यांस पुढे वाटेत येऊन मिळाला. वाहन म्हणजे फोर्ड कंपनीची एक जुनी इकॉनोलाइन व्हॅन. तीच निजण्याची खोली, तेच स्वयंपाकघर आणि तेच कोठार.

जुलै महिन्यात कॅलिफोर्नियातील व्हेंचुरा गावाहून गाडी निघाली. उत्तर गोलार्धातील ३४ व्या अक्षांशापासून दक्षिण गोलार्धातील ४९ व्या अक्षांशापर्यंतची ही मजल! पनामा व कोलंबिया ह्यांच्या दरम्यान दाट अरण्य व दलदल असल्यामुळे तेथे रस्ता तुटतो; गाडीस तेवढा टप्पा जहाजावर चढवून न्यावे लागते. वाटेत समुद्र दिसला की हे तरुण लाटांवर आरूढ होत. चिलीतील ज्वालामुखींच्या बर्फाळ उतारांवरून घसरत. बाहेरून पाहणाऱ्यास हा निव्वळ उनाडपणा वाटला असता. परंतु त्या उनाडपणाच्या पोटात एक शिस्त होती. महिनोन् महिने एका गाडीत राहून एकमेकांचे स्वभाव सोसण्याची ही तालीमच होती, आणि ती लवकरच कसास लागणार होती.

फिट्झरॉयच्या परिसरात तेव्हा गाव नव्हते. आज जे एल चाल्तेन आहे, ते १९८५ साली वसले. रस्ता संपला तेथे चाकांचा अधिकारही संपला. पुढे सारे ओझे पाठीवर घेऊन बर्फ तुडवीत जावयाचे होते. वर गेल्यावर तंबूंचा त्या वाऱ्यापुढे निभाव लागणार नाही, म्हणून त्यांनी बर्फात गुहा खोदल्या. शुइनार्डने त्या गुहांत एकूण ३१ दिवस काढले. स्टोव्ह पेटविला की छत व भिंती ठिबकू लागत आणि पिसांनी भरलेल्या निजण्याच्या पिशव्या भिजून निरुपयोगी होत. त्यातच पाणी करण्यासाठी बर्फ फोडताना कुऱ्हाडीचे टोक त्याच्या गुडघ्यात शिरले. आपला तिसावा वाढदिवस त्याला त्या गुहेतच, अंगावर ठिबकणाऱ्या बर्फाच्या छताकडे पाहत, घालवावा लागला. जखम चिघळती किंवा शिधा संपता, तर डोंगराला हात न लावता परतावे लागले असते. कदाचित परतणेही घडले नसते.

अशा वेळी मनुष्यास काय तारते? बळ नव्हे, कौशल्यही नव्हे. तारते ते थांबण्याचे सामर्थ्य. पॅटागोनियात हवा उघडण्याचा दिवस पंचांगात लिहिलेला नसतो. परतीची तारीख ठरवून आलेला मनुष्य उतावीळ होतो, आणि उतावळेपणा तेथे प्राणावर बेततो. ह्या पाच जणांस तारखेची निकड नव्हती, कारण त्यांनी आपले घर बरोबर आणले होते. गुहेत गाडीची ऊब पोचत नव्हती हे खरे. परंतु गाडीने जे दिले ते उबेहून मोलाचे होते. तिने त्यांस वेळ दिला. चाकांवरच्या बिऱ्हाडाचे तत्त्व हेच, आणि त्याची मर्यादाही हीच. ते मनुष्यास पायथ्याशी आणून सोडते व थांबू देते. वर मात्र ज्याचे त्यालाच चढावे लागते.

अखेरीस वादळ ओसरले. २० डिसेंबर १९६८ रोजी पाचही जण नैर्ऋत्येकडील एका नव्या वाटेने माथ्यावर पोचले. ती वाट आजही 'कॅलिफोर्नियन वाट' ह्या नावाने ओळखली जाते. तेहादा-फ्लोरेसने टिपलेल्या चित्रांतून 'माउंटन ऑफ स्टॉर्म्स', म्हणजे वादळांचा पर्वत, हा बोलपट तयार झाला.

परंतु ह्या प्रवासाचे खरे फळ पुढेच पिकले. १९७३ साली शुइनार्डने कपड्यांची कंपनी काढली, तिला पॅटागोनिया हे नाव दिले आणि फिट्झरॉयची शिखररेषा तिचे चिन्ह केली. टॉम्पकिन्सने व्यापारात मोठे द्रव्य मिळविले, आणि १९९० नंतर ते त्याच दक्षिण भूमीतील अरण्ये विकत घेऊन राखण्याकडे लाविले. ८ डिसेंबर २०१५ रोजी चिलीतील जनरल कर्रेरा सरोवरात वादळाने होडी उलटून गारठ्याने त्याचा अंत झाला. त्या सफरीतही शुइनार्ड त्याच्या समवेत होता. टॉम्पकिन्सच्या पश्चात त्याची पत्नी क्रिस्टीन हिने सुमारे दहा लाख एकर भूमी चिलीच्या राष्ट्रास अर्पण केली, आणि २०१८ साली तेथे नवी राष्ट्रीय उद्याने निर्माण झाली.

ज्या भूमीत त्यांनी एकदा गाडीत राहून दिवस काढले, तिच्याशी त्यांची सोयरीक अशी जन्मभर टिकली. बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्याला कोठलेच ठिकाण आपले नसते, असे म्हणतात. पण जेथे मनुष्य निमूटपणे, हाल सोसून, दीर्घकाळ वाट पाहत राहतो, ते ठिकाण त्याचे होऊन जाते. मग त्याचे घर भिंतींचे असो की चाकांवरचे.