बास्क आणि खोसा : दोन भाषांचे दोन स्वभाव

पिरिनीज पर्वताच्या पश्चिम टोकाला, जेथें स्पेन व फ्रान्स हीं राष्ट्रें बिस्केच्या उपसागराशीं एकमेकांस भेटतात, तेथें बास्क भाषा बोलली जाते. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे, हिंदी महासागराला लागून असलेल्या पूर्व केप प्रांतांत खोसा बोलली जाते. या दोहोंमध्यें रक्ताचें नातें मुळींच नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतों. कारण पोरकी दिसणारी प्रत्येक भाषा कोठल्या तरी दूरच्या भाषेची कन्या ठरविण्याचा हव्यास विद्वानांना एके काळीं फार होता, आणि बास्क भाषेवर तर असे प्रयोग पुष्कळच झाले. तुलना करावयाची ती वेगळ्या कारणासाठीं. बलाढ्य किंवा निराळा शेजारी दाराशीं आला असतां भाषा काय घेते आणि काय राखते, या प्रश्नाला या दोघींनीं अगदीं उलट उत्तरें दिलीं आहेत.

बास्क भाषेला आज जगांत एकही सगासोयरा नाहीं. रोमन अमदानींत आक्विटानिया प्रांतांत जे लॅटिन शिलालेख कोरले गेले, त्यांत ‘किसोन’, ‘आंदेरे’ अशीं विशेषनामें आढळतात. बास्क भाषेंत ‘गिसोन’ म्हणजे पुरुष आणि ‘आंदेरे’ म्हणजे स्त्री. त्या काळीं या भाषेचेंच एक जुनें रूप तेथें नांदत होतें, याला याहून बोलका पुरावा कोणता हवा? पश्चिम युरोपांतील कितीएक भाषा लॅटिननें गिळून टाकल्या. बास्कनें तिच्याकडून शब्द घेतले. ग्रंथाला ‘लिबुरु’, राजाला ‘एर्रेगे’, चर्चला ‘एलिसा’ म्हटलें. परंतु घराची बांधणी कांहीं बदलूं दिली नाहीं.

ही बांधणी युरोपीय पंडितांना मोठी चमत्कारिक वाटत आली आहे. मराठी श्रोत्याला ती तितकी परकी वाटूं नये. आपण ‘माणूस आला’ म्हणतों, पण ‘माणसानें भाकरी खाल्ली’ म्हणतों. बास्क माणूसही ‘गिसोना एतोरी दा’ आणि ‘गिसोनाक ओगिया यान दू’ असा भेद करितो. त्यांतील शेवटचा ‘क’ म्हणजे जणूं आपला ‘नें’. फरक एवढाच कीं, आपला ‘नें’ मुख्यत्वें भूतकाळाशीं जखडलेला आहे, आणि त्यांचा ‘क’ सर्व काळांत चालतो. ‘घर, घरांत, घरचा’ याप्रमाणें त्यांचेंही ‘एचे, एचेआन, एचेको’ चालतें. मोजणी विसांवर : चाळीस म्हणजे दोन विसा, साठ म्हणजे तीन विसा. आपल्या खेड्यांतील वृद्ध माणसें अशाच विसा मोजीत. यावरून नातें मात्र कोणीं जोडूं नये!

खोसाची गोष्ट निराळी. तिचें कुटुंब अफाट. मध्य व दक्षिण आफ्रिकेंत पसरलेल्या शेंकडों बांटू भाषांपैकीं ती एक, आणि झुलु तिची सख्खी बहीण. येथें प्रत्यय शब्दाच्या शेपटाला लागत नाहीं, तो डोक्यावर बसतो, आणि सारें वाक्य त्याचा सूर धरितें. ‘उम्न्तु ओम्खुलु उफिकिले’, मोठा माणूस आला. ‘अबान्तु अबाखुलु बाफिकिले’, मोठीं माणसें आलीं. ही चौकट खोसाच्या पूर्वजांनीं उत्तरेकडून आणली आणि जपली. पण दक्षिणेस जे खोइखोइ पशुपालक व सान शिकारी आधींपासून राहत होते, त्यांच्याकडून तिनें जें घेतलें तें कोणतीही भाषा सहसा घेत नाहीं. तिनें उच्चार घेतले.

हे उच्चार आपल्याही तोंडीं आहेत, फक्त आपण त्यांना भाषा म्हणत नाहीं. हळहळ दाखवितांना आपण दांतांमागें जीभ लावून जो ‘च्‌च्’ करितों तो एक. गाडीवान बैलांना हांकतांना गालाच्या बाजूनें काढतो तो दुसरा. आणि बाटलीचें बूच उडाल्यासारखा तिसरा. खोसांत हीं व्यंजनें आहेत. ‘खोसा’ या नांवाचा आरंभच गाडीवानाच्या ध्वनीनें होतो. आपण लिहितों तो ‘ख’ ही केवळ तडजोड आहे.

ते शिरले कसे? खोइखोइ व खोसा यांच्यांत सोयरिकी झाल्या. गुनुक्वेबे नांवाचें राज्यच अशा मिश्रणांतून उभें राहिलें. शिवाय खोसा स्त्रियांत ‘हलोनिफा’ नांवाची चाल आहे. सासरा व पतीचे वडीलधारे पुरुष यांच्या नांवांतील अक्षरें सुनेनें उच्चारावयाचीं नाहींत. इतर शब्दांत तीं आलीं तरी तो शब्द बदलावयाचा. पतीचें नांव न घेण्याची आपल्याकडील जुनी चाल ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना हें समजावून सांगावयास नको. शब्द बदलावयाचा तर शेजारणीचा अनोळखी ध्वनि सोयीचा. या वाटेनें ते भाषेंत रुजले, असें कित्येक भाषाशास्त्रज्ञांचें अनुमान आहे. तसें असेल, तर एका भाषेचा ध्वनिसंग्रह सुनांनीं घडविला असें म्हणावें लागेल.

छापखाना दोघींना फार वेगळ्या हातांनीं मिळाला. बास्क भाषेंतील पहिलें छापील पुस्तक १५४५ सालीं बोर्दो येथें निघालें; कर्ता बर्नार्ड एचेपारे हा स्वतः बास्क धर्मगुरु, आणि कवितांत भक्तीबरोबर शृंगार आणि स्वतःचा बंदिवासही! खोसाला लिपि दिली ती परक्यांनीं. ग्लासगोच्या मिशनचे जॉन बेनी यांनीं १८२३ सालीं च्यूमी नदीच्या खोऱ्यांत आलेल्या छापखान्यावर पहिले पाठ छापले. इंग्रजांशीं सरहद्दीवरील लढाया १८७९ पर्यंत चालल्या; त्याच काळांत टियो सोगा या खोसा धर्मोपदेशकानें बन्यनचा ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ आपल्या भाषेंत उतरविला.

विसाव्या शतकांत फ्रँकोच्या राजवटीनें बास्क भाषेला शाळा व कचेऱ्यांतून हांकलून दिलें. १९६८ सालीं विद्वानांनीं प्रमाणभाषेचा पाया घातला आणि १९७९ च्या कायद्यानें स्पेनमधील बास्क प्रांतांत तिला स्पॅनिशबरोबर राजमान्यता मिळाली. फ्रान्समध्यें ती अद्याप नाहीं. खोसा १९९६ च्या राज्यघटनेनें दक्षिण आफ्रिकेच्या ११ राजभाषांत बसली, आणि २०११ सालीं तिचे भाषिक सुमारें ८० लाख होते.

ज्यांनीं तिला ते ध्वनि दिले, त्या केपच्या खोइखोइंवर १७१३ सालीं देवीची भयंकर सांथ आली. जमिनी डच वसाहतवाल्यांकडे गेल्या, आणि केपमधील त्यांच्या बहुतेक बोली नाहींशा झाल्या. नामा ही त्यांची एक बहीण नामिबियांत अजून बोलली जाते. बेनींचा छापखाना ज्या च्यूमी नदीकांठीं होता, ती पुढें कैस्कामा नदीस मिळते. त्या नांवांतील ‘कामा’ हा खोइखोइ शब्द असून त्याचा अर्थ पाणी असा आहे.