गोमांसमृदुतेची जनुकीय चिन्हके

मांसासाठी पोसलेल्या जनावराचे मांस शिजल्यावर कितपत मऊ निघेल, याची अटकळ ते जिवंत असतानाच बांधता यावी म्हणून डीएनएमधील ज्या ठरावीक स्थानांवरचे भेद तपासले जातात, ती स्थाने. मृदुतेचा प्रत्यक्ष निवाडा वॉर्नर–ब्राट्झलर यंत्राने होतो. त्यात शिजवलेल्या मांसाची १.२७ सेंमी. व्यासाची कांडी कापावयास किती बल लागते ते नोंदले जाते. परंतु हा दाखला हाती येतो तो कत्तलीनंतर, म्हणजे ज्या जनावराची वीण वाढवावी ते उरलेलेच नसताना. चिन्हकांची निकड उत्पन्न झाली ती यामुळे.

कत्तलीनंतर ताठरलेला स्नायू थंडीत ठेवला असता आठवड्या-दोन आठवड्यांत सैलावतो, तो मुख्यतः कॅल्पेन-१ या कॅल्शियमच्या योगाने कार्यरत होणाऱ्या विकरामुळे. टायटिन, नेब्युलिन, डेस्मिन ही स्नायुतंतूंची बांधणी राखणारी प्रथिने हा विकर तोडतो, आणि त्याच्या अंमलाला आवर घालते ते कॅल्पास्टॅटिन हे प्रथिन. म्हणून पहिली चिन्हके याच दोहोंच्या जनुकांत, अनुक्रमे २९व्या व ७व्या गुणसूत्रांवर, शोधली गेली. कॅल्पेनच्या ३१६व्या स्थानी ग्लायसीनऐवजी ॲलॅनीन असणे मृदुतेस अनुकूल ठरते. उलट ‘४७५१’ हे चिन्हक त्याच जनुकाच्या अशा भागात आहे की त्याने प्रथिनात काहीच फरक पडत नाही. ते केवळ खूण आहे, कारण नव्हे, हे चाचणीच्या जाहिराती वाचताना विसरले जाते.

या खुणेचे महत्त्व झेबू, म्हणजे वशिंडाच्या गुरांच्या, वंशात अधिक, कारण त्यात ३१६चा अनुकूल प्रकार दुर्मिळ आहे. अमेरिकेतील ब्राह्मन ही जात गीर, कांकरेज, ओंगोल व कृष्णाखोरी या भारतीय गुरांपासून घडविलेली; तिच्या स्नायूंत कॅल्पास्टॅटिनचा जोर अधिक, आणि म्हणून मांस तुलनेने चिवट. कृष्णाकाठच्या काळ्या, चिकण जमिनीत नांगर ओढण्यासाठी जोपासलेल्या बैलाच्या वंशाला टेक्सासात मऊपणाच्या परीक्षेस बसविणे, हा त्याच्यावर थोडा अन्यायच म्हणावयाचा.

एकेका चिन्हकाचा परिणाम अल्प असतो. २००९ मध्ये हेरेफर्ड गाईचा जीनोम प्रसिद्ध झाला त्या सुमारास एकाच वेळी सुमारे ५०,००० स्थाने तपासण्याची सोय झाली, व तेव्हापासून सुट्या खुणांपेक्षा एकत्रित जनुकीय मूल्यांकनाकडे कल वळला. वयपरत्वे घट्ट होणाऱ्या संयोजी ऊतीमुळे येणारा चिवटपणा मात्र कॅल्पेनच्या कक्षेबाहेरचा आहे. आणि ताठरता येण्यापूर्वीच मांस फार वेगाने गारठविले, तर अनुकूल जनुके असलेल्या जनावराचेही मांस आखडून कडक होते.