डेस्कटॉपची संदर्भानुसार मांडणी

डेस्कटॉपची संदर्भानुसार मांडणी : वापरणाऱ्याचे हातातले काम, वेळ, ठिकाण व जोडलेली उपकरणे ओळखून संगणकाने पडद्यावरच्या फाइली, आयकॉन आणि विंडो आपोआप लावून देण्याची पद्धत. काम बदलले की मांडणी बदलावी आणि जुने काम पुन्हा हाती घेतले की त्याची मांडणी होती तशी परत यावी, ही तिच्याकडून मुख्य अपेक्षा.

गरज : असोदा (ता. जि. जळगाव) यासारख्या गावात ग्रामपंचायतीच्या संगणकावर वर्षभर निरनिराळी कामे येऊन पडतात. मार्चअखेरीस घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीची घाई असते. तेव्हा नमुना 8 (कर आकारणी) आणि नमुना 9 (कर मागणी) सतत उघडावे लागतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट व 2 ऑक्टोबर या दिवशीच्या ग्रामसभांआधी सूचना, विषयपत्रिका आणि मागील इतिवृत्त लागते. तेवढ्यात कोणी जन्माचा दाखला मागायला येते. अशा संगणकाच्या पडद्यावर ‘नमुना 8 नवीन’, ‘नमुना 8 फायनल’, ‘नमुना 8 फायनल खरी’ अशा फाइली शेजारी शेजारी साचतात आणि खिडकीशी उभ्या माणसाला ताटकळावे लागते. आज कोणती फाइल लागेल हे तारीख आणि समोरचे काम पाहून ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकाला चटकन कळते. तेच संगणकाला कितपत कळू शकेल, हा या विषयाचा गाभा आहे.

इतिहास : कचेरीतल्या मेजाचे रूप संगणकाच्या पडद्यावर आणणारा झेरॉक्स स्टार हा संगणक 1981 मध्ये विक्रीस आला. थॉमस मॅलोन यांनी 1983 मध्ये कचेऱ्यांतील खऱ्या मेजांचा अभ्यास मांडला. मेजावरचे ढीग हा केवळ पसारा नसतो, राहिलेल्या कामाची आठवण देण्याचे कामही ते करतात, असे त्यांना दिसले. ऑस्टिन हेंडरसन व स्टुअर्ट कार्ड यांनी 1986 मध्ये ‘रूम्स’ ही प्रणाली मांडली. तिच्यात प्रत्येक कामाला पडद्यावर स्वतंत्र खोली होती; आजच्या आभासी डेस्कटॉपांची ती पूर्वज. 1994 मध्ये बिल शिलिट आणि मार्विन थायमर यांनी संदर्भाची जाण असलेल्या संगणनाची कल्पना नावारूपाला आणली. ओरेगन स्टेट विद्यापीठातील ‘टास्कट्रेसर’ प्रकल्पात (2005) वापरणारा चालू कामाचे नाव सांगे. त्या वेळात उघडलेल्या फाइली संगणक त्या कामाच्या नावे टिपून ठेवी. पुढे अशाच नोंदींवरून चालू काम कोणते, याचा अंदाज बांधण्याचे प्रयोग तेथे झाले.

कार्यपद्धती : काम तीन टप्प्यांत चालते. (1) संकेत गोळा करणे : वेळ, वायफायचे जाळे, जोडलेला प्रोजेक्टर किंवा दुसरा मॉनिटर, एकापाठोपाठ उघडलेल्या फाइली, कळफलकाची भाषा. (2) अनुमान : ‘प्रोजेक्टर जोडला की सूचना बंद’ असे ठरवून दिलेले नियम, किंवा मागील वापरावरून शिकलेला अंदाज. (3) कृती : फाइल सुचवणे, विंडोंचा संच उघडणे, आयकॉन हलवणे. पहिल्या टप्प्यातली चूक सहसा खपून जाते; तिसऱ्यातली मात्र वापरणाऱ्याला थेट भोगावी लागते.

प्रचलित रूपे : मॅकवर 2007 पासून, तर विंडोजमध्ये 10व्या आवृत्तीपासून (2015) अनेक डेस्कटॉपांची सोय अंगभूत आहे. लिनक्सवरील केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपमधील ‘अ‍ॅक्टिव्हिटीज’ कामागणिक वेगळा पडदा देतात. मॅकवरील ‘स्टॅक्स’ (2018) डेस्कटॉपवरच्या फाइली प्रकार किंवा तारखेप्रमाणे गठ्ठ्यांत लावते. ‘फोकस’ (2021) वेळ, ठिकाण किंवा अ‍ॅप पाहून सूचना आवरते. विंडोज 11 दुसरा मॉनिटर पुन्हा जोडल्यावर विंडो पूर्वीच्या जागी नेते. मराठी-इंग्रजीत आलटून पालटून टंकलेखन करणाऱ्यांना प्रत्येक विंडोचा कळफलक वेगळा लक्षात ठेवण्याची सोय विशेष उपयोगी पडते : इतिवृत्ताच्या विंडोत मराठी, पोर्टलच्या विंडोत इंग्रजी. विंडोजमध्ये ती सेटिंगमधून चालू करता येते.

मर्यादा : आपोआप केलेली मांडणी नेहमीच सोयीची ठरत नाही. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस 2000 मध्ये क्वचित वापरल्या जाणाऱ्या आज्ञा मेनूतून दडवल्या जात. नेमकी हवी ती आज्ञा जागेवर सापडेना. 2007 च्या आवृत्तीत मेनूंची जागा रिबनने घेतली, तेव्हा ही पद्धतही मागे पडली. विंडोज एक्सपीमध्ये 60 दिवस न वापरलेले आयकॉन वेगळ्या फोल्डरमध्ये हलवण्याची सोय होती. पण वर्षातून एकदाच लागणारी फाइल निरुपयोगी नसते. कर आकारणीची फाइल महिनोन्‌महिने पडून राहते आणि वसुलीच्या दिवसांत तीच सर्वांत आधी लागते. शिवाय घरातल्या मांडणीवरचा डबा दिवे गेले तरी हाताला लागतो, तशी पडद्यावरची ठरलेली जागाही हाताच्या सवयीची असते. ती न विचारता बदलली, तर वाचवायला निघालेला वेळ शोधण्यात जातो.

आणखी एक अडचण सामायिक वापराची : एकाच संगणकावर परिचालक आणि ग्रामपंचायत अधिकारी एकाच लॉगिनने बसत असतील, तर दोघांच्या सवयी एकत्र होऊन अनुमान फसते.

गोपनीयता : संदर्भ ओळखण्यासाठी संगणकाला माणसाच्या कामावर सतत नजर ठेवावी लागते. पडद्याची चित्रे ठरावीक अंतराने साठवणारी ‘रिकॉल’ ही सोय मायक्रोसॉफ्टने मे 2024 मध्ये जाहीर केली. सुरक्षातज्ज्ञांच्या आक्षेपांनंतर ती लांबणीवर पडली आणि वापरणाऱ्याने स्वतः चालू केली तरच सुरू होईल, अशी करण्यात आली. गावच्या संगणकावर तर इतरांची माहिती असते : आधार क्रमांक, दाखले, थकबाकी. अशी माहिती अंदाज बांधण्यासाठी जपून ठेवणे हा गावकऱ्यांच्या विश्वासाचा प्रश्न आहे. भारतात त्यासाठी 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही आहे.

उत्तम मांडणीचे निकष : संगणकाने आधी सुचवावे, मग हलवावे, काय हलवले ते सांगावे, एका कळीत पूर्ववत करता यावे, वीज जाऊन आली तरी उघडे काम परत मिळावे, आणि माणसाने मुद्दाम ठेवलेली वस्तू हलवू नये. कामाचा संदर्भ शेवटी माणसालाच ठाऊक असतो, म्हणून निर्णयही त्याच्याच हाती हवा. महागड्या प्रणालीवाचूनही यातले बरेचसे आजच साधते : प्रत्येकाला वेगळे लॉगिन, वसुली, ग्रामसभा व दाखले यांसाठी वेगवेगळे डेस्कटॉप आणि फाइलीच्या नावात ‘फायनल’ऐवजी तारीख.