तीन पाडवे आणि एक इसार

आजचा भाग थोडा घरचा आहे. ऐकायचा असेल तर हेडफोन लावा, वाचायचा असेल तर हे घ्या, लिहून काढलंय. बोलताना जिथे अडखळलो तिथे जरा सारवासारव केलीय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

माझं गाव न्हावऱ्याच्या जवळ, शिरूर तालुक्यात. गावाचं नाव सांगत नाही, कारण गोष्टीत पैशाचा मामला आहे आणि ज्यांच्याबद्दल बोलणार ती माणसं अजून एकमेकांच्या शेजारी राहतात. न्हावरे मात्र तुम्हाला नकाशावर सापडेल. शिरूरहून चौफुल्याला जाणाऱ्या रस्त्यावर. घोडगंगा साखर कारखाना इथलाच.

आता या रस्त्याची एक गंमत बघा. न्हावऱ्यात उभं राहून दक्षिणेकडे निघालात तर भीमा ओलांडून, केडगाव मागे टाकून तुम्ही चौफुल्याला पोचता, पुणे-सोलापूर हायवेवर. चौफुला म्हणजे कला केंद्रं. संगीत बारी. चार भिंतींच्या आत, समोर बैठक, पेटी, तबला, ढोलकी आणि लावणी. आणि उत्तरेला शिरूर गाठून मलठण, कवठे यमाईच्या अंगाने गेलात तर नारायणगाव. तिथे ढोलकी फडाचे तमाशे. शंभरावर माणसं, स्वतःचे ट्रक, गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग. बाहेरचे लोक दोन्हीला सरसकट 'तमाशा' म्हणतात. पण बारीत माणूस लावणीकडे जातो आणि फडात लावणी माणसांकडे येते, अख्खा गाडा घेऊन. आमचा तालुका या दोघांच्या मधोमध.

नारायणगावच का, तर त्याला इतिहास आहे. भाऊ-बापू मांग नारायणगावकर हा गाजलेला फड तिथला, आणि भाऊंची मुलगी म्हणजे विठाबाई. जन्म १९३५. १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झाला. चीनच्या युद्धात सैनिकांपुढे कार्यक्रम केले. २००२ च्या जानेवारीत गेल्या, तेव्हा परिस्थिती अगदीच हलाखीची होती. त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार राज्य सरकारने सुरू केला तो त्यानंतर. (हे आपल्याकडे नेहमीचंच. आधी जाऊ द्यायचं, मग पुरस्कार काढायचा.) आमचे आजोबा त्यांच्या तमाशाला सायकलवर जायचे आणि पहाटे परत येऊन थेट दारेवर जायचे, पाणी द्यायला.

आजी कधीच गेली नाही. बायकांनी जायचं नसतं म्हणून. पण जत्रेत तमाशा गावातच असायचा आणि आमचं घर चावडीपासून हाकेच्या अंतरावर. कर्ण्यातून येईल तेवढं आजीने माळवदावर बसून ऐकलं. आजही तिला वगातले संवाद पाठ आहेत. कुठला राजा कसा दिसायचा, हे मात्र तिला माहीत नाही.

वर्ष कसं चालतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. तुमच्या कॅलेंडरात वर्ष जानेवारीला सुरू होतं, फडाचं दसऱ्याला. चार महिने पावसात घरी बसलेले कलावंत दसऱ्याला ट्रकवर चढतात. तिथून होळीपर्यंत कनातीचा तमाशा, म्हणजे तंबू ठोकून तिकीट लावून. याच काळात इकडे कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झालेला असतो, ऊसतोडीच्या टोळ्या बीड-नगरकडून आलेल्या असतात, रात्री उसाच्या ट्रॅक्टरवर गाणी वाजत असतात. मार्गशीर्षात चंपाषष्ठी, घरोघरी जागरण-गोंधळ. १ जानेवारीला कोरेगाव भीमाला जयस्तंभाजवळ भीमगीतांचे स्टेज. फेब्रुवारीत शिवजयंतीला पोवाडे. आणि मग चैत्र.

चैत्र-वैशाख हे दोन महिने म्हणजे फडाची सुगी. प्रत्येक गावाची जत्रा असते आणि प्रत्येक जत्रेला तमाशा लागतो. होळी झाली की नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात, पाडव्याला तिथे सगळ्यात जास्त गर्दी. गावोगावच्या जत्रा कमिट्या जीप भरून जातात, राहुटीत बसून चहा घेतात, घासाघीस करतात. गाववाले तिथीत बोलतात, 'वद्य अष्टमी', आणि फडाचा माणूस वही उघडून ती तारखेत बघतो. चैत्र वद्य अष्टमी म्हणजे कालाष्टमी. त्या दिवशी कितीतरी गावांत भैरवनाथाची जत्रा असते, म्हणून त्या एका रात्रीचा भाव सगळ्यात चढा. ठरलं की इसार द्यायचा, बाकीचे जत्रेत. हा धंदा बुद्ध पौर्णिमेपर्यंत. त्यानंतर फड उतरतो.

वर्षाचा हिशोब या दोन महिन्यांवर असतो. कलावंत मालकाकडून उचल घेतात, मालक सावकाराकडून कर्ज घेतो, आणि सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं की चैत्रात फिटेल.

तमाशा गेला की ज्येष्ठाच्या अखेरीस याच चौफुल्यावरून तुकोबांची पालखी जाते, यवतहून वरवंडला. ज्या नाक्यावर रात्री ढोलकी ऐकू येते तिथे त्या दिवशी नुसते टाळ. मग श्रावणातले सप्ते, गणपती, नवरात्र, आणि परत दसरा. पुण्यात डिसेंबरात 'सवाई' असतं ते तुम्हाला माहीत असेलच. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेलं. मी कॉलेजात असताना दोनदा गेलोय, भारतीय बैठकीचं तिकीट काढून. तिथे ज्याला ऐकायचंय तो पैसे देतो. जत्रेत उलटं आहे. वर्गणी घरटी असते, ऐका नाहीतर झोपा. त्यामुळे गेटच नसतं. उसाचं बिल आलं असेल तर वर्गणी पटकन जमते, नसेल तर कमिटीला दोन-दोन खेटे.

आता २०२०. गुढीपाडवा होता २५ मार्चला. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि बारापासून देश बंद झाला. म्हणजे नेमका पाडवा. माझे चुलते जत्रा कमिटीत होते. आमच्या कमिटीने होळीनंतर लगेच जाऊन एका फडाला ५१ हजार इसार दिला होता. जत्रा कालाष्टमीची, एप्रिलच्या मध्यावर.

तमाशा याआधीही एकदा थांबला होता, सरकारी हुकमाने. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने अश्लीलतेचं कारण देऊन बंदी आणली. मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली सुधार समिती नेमली, आणि वग आधी तपासून घ्यायच्या अटीवर परवानगी मिळाली. पण तेव्हा भांडायला समोर कुणीतरी होतं. यावेळी कुणाशी भांडणार?

त्या वर्षी एकेक करून सगळंच गेलं. जत्रा गेल्या. पालखीच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. गणपतीला मंडळांच्या मूर्ती चार फुटांच्या आत. नवरात्रात गरबा नाही. दसऱ्याला ट्रक निघाले नाहीत. डिसेंबरात सवाई झालं नाही. १ जानेवारीला लोकांना घरूनच अभिवादन करायला सांगितलं. चौफुल्यावरून मी त्या पावसाळ्यात एकदा गेलो, केंद्रांची दारं बंद, आत कुणी राहत असावं कारण दोरीवर कपडे वाळत होते.

आमच्याकडे बैठक झाली जूनमध्ये, देवळाच्या ओट्यावर, तोंडाला रुमाल बांधून. विषय एकच, इसार परत मागायचा का. एक बाजू म्हणाली, पैसा गावाचा आहे, घरटी गोळा केलेला, तमाशा झालाच नाही तर ठेवून घ्यायचा हक्क काय? हे चूक नव्हतं. त्या वर्षी कांदा, दूध, सगळ्याचीच वाट लागली होती. दुसरी बाजू चुलत्यांची. ते म्हणाले, तो माणूस आपल्या इसारावर उचल वाटून बसलाय, आता कुठून आणेल? कुणीतरी फडमालकाला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, पैसे नाहीत, पण पुढच्या कालाष्टमीला तुमच्याच गावात उभा राहीन, इसार तोच धरा. कागद नाही, सही नाही. वाद पार हमरीतुमरीवर आला. शेवटी ठराव झाला की थांबायचं. दोन जणांनी त्या दिवसापासून चुलत्यांशी बोलणं टाकलं.

२०२१ चा पाडवा १३ एप्रिलला आला. संध्याकाळी मुख्यमंत्री टीव्हीवर, उद्या रात्री आठपासून कडक निर्बंध. परत पाडवा! चुलते काही बोलले नाहीत, टीव्ही बंद करून शेतावर गेले. ते न बोलणारे दोघेजण दुसऱ्या दिवशी मुद्दाम आमच्या दारावरून गेले, असं आजी सांगते. आजीचं सगळंच खरं धरू नका.

त्या उन्हाळ्यात फडमालकाचा फोन एकदाच आला. ढोलकीवाला भाजीची गाडी लावतोय, दोन मुली शेतमजुरीला जातात, एक ट्रक विकला, असं म्हणाला. पैसे त्याने मागितले नाहीत. चुलत्यांनीही दिले नाहीत, हे मी मुद्दाम सांगतोय, नाहीतर तुम्हाला वाटेल आमचे चुलते संत आहेत. त्यांना फक्त आपला शब्द खरा ठरवायचा होता.

२०२२. पाडवा २ एप्रिलला, आणि राज्य सरकारने सगळे निर्बंध उठवले तेही नेमके त्याच दिवसापासून. दोन पाडव्यांना बंद झालेलं दार तिसऱ्या पाडव्याला उघडलं. नारायणगावात राहुट्यांवर झुंबड. आमची कमिटी गेलीच नाही, कारण इसार आधीच दिलेला होता. आता प्रश्न असा की दोन वर्षं रिकामी गेल्यावर त्या रात्रीला दुप्पट देणारं गाव सापडणार नाही का? मालकाने ठरवलं तर तो सहज आम्हाला विसरू शकला असता.

ट्रक दुपारी साडेतीनला आले. तीन, पूर्वी पाच असायचे. मांडव-डहाळे, शेरणी, छबिना सगळं झालं, बैलगाड्याही पळाल्या, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१४ ची बंदी डिसेंबर २०२१ मध्ये सैल केली होती. रात्री गण उभा राहिला. ढोलकीवाला नवीन होता, विशीतला, हात जरा कच्चा. पण पहिली थाप पडली आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्यांनी फेटे उडवले. मी रेकॉर्ड करत होतो, या भागाच्या सुरुवातीला जो आवाज ऐकलात तो त्याच रात्रीचा.

वग अर्ध्यात गुंडाळला. दहानंतर स्पीकर लावता येत नाही, २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, आणि पोलीस गाडी चौकात उभी होती. आजोबांच्या काळी वग मध्यरात्री रंगात यायचा आणि तांबडं फुटताना संपायचा. आता राजाला साडेनऊला राज्य गमवावं लागतं आणि पावणेदहाला परत मिळतं. मला हा नियम चुकीचा वाटत नाही, डीजेच्या भिंतींनी गावं हैराण आहेत. पण डीजेला वेळ कमी झाली तर फार तर दोन गाणी जातात. वगाची गोष्टच जाते.

सकाळी हजेरी झाली देवळापुढे. हजेरी म्हणजे दिवसाउजेडी, मेकअप-लाइटशिवाय, लोक सांगतील ती गाणी म्हणायची. माझ्या मते खरी परीक्षा तीच. आजी त्या दिवशी पहिल्यांदा आली. काठी टेकत, नातसुनेचा हात धरून, आणि पहिल्या रांगेत बसली. कुणी काही म्हटलं नाही. तिने एका जुन्या वगातला संवाद म्हणायला सांगितला. सोंगाड्याला तो येत नव्हता. मग आजीनेच म्हणून दाखवला, पार राजाच्या आवाजात, आणि सोंगाड्याने मान खाली घालून 'जी महाराज' केलं.

चुलत्यांच्या वहीत त्या वर्षाच्या पानावर लिहिलंय: 'इसार ५१,००० मागील जमा. बाकी पोच.' अबोला धरलेल्या दोघांपैकी एक आता बोलतो.

यंदाच्या जत्रेची बैठक येत्या रविवारी आहे. कमिटीत आता माझ्या वयाची पोरं आलीत आणि त्यांना ऑर्केस्ट्रा पाहिजे, नाहीतर मोबाईलवर गाजलेल्या एखाद्या नृत्यांगनेचा शो. खर्च जवळपास तेवढाच, गर्दी जास्त. चुलत्यांनी परवा फोन करून विचारलं, 'येतोस का? तुझं ते रेकॉर्डिंग घेऊन ये.' मी जातोय. त्यामुळे पुढचा भाग दोन दिवस उशिरा येईल, सांभाळून घ्या.